गाठ कुठे संपते? : कॅन्सर आणि प्रकाशाने जागी होणारी औषधं

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कॅन्सरची गाठ काढायला उभ्या राहिलेल्या शल्यविशारदाला गाठ कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. एमआरआयने, सीटी स्कॅनने ते सांगितलेलं असतं. त्याला खरा छळतो तो पुढचा प्रश्न : गाठ संपते कुठे? ग्लायोब्लास्टोमा नावाचा मेंदूचा कॅन्सर घ्या. याला धड कडच नसते. त्याच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात आणि ऑपरेशनच्या पांढऱ्या दिव्याखाली रोगी भाग कुठला, निरोगी कुठला, हे कडेपाशी डोळ्यांना कळत नाही. थोडं कमी काढलं तर रोग मागे राहतो. थोडं जास्त काढलं तर माणसाची वाचा जाते, एखादा हात कायमचा लुळा पडतो. मेंदूत चार-पाच मिलिमीटर म्हणजे फार मोठं अंतर असतं.

आज मी ज्या औषधांबद्दल बोलणार आहे ती या कडेच्या प्रश्नाशी झगडणारी आहेत. तशी ती अंधारात गप्प असतात. प्रकाश पडला की त्यांतली काही चमकतात आणि रोग दाखवतात, काही जवळच्या पेशी मारतात, आणि काही दोन्ही करतात. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे माझं लक्ष जास्त करून रेणूंवर असेल. पण रेणू कळला की दवाखान्यात काय घडतं तेही कळतं, असा माझा अनुभव आहे.

मेंदूच्या त्याच ऑपरेशनपासून सुरुवात करू. रुग्णाला भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी पाण्यात विरघळवलेली एक पावडर प्यायला देतात, वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम या मापाने. कवटी उघडून गाठीपर्यंत पोचल्यावर सर्जन सूक्ष्मदर्शकाचा पांढरा प्रकाश बंद करतो आणि निळा-जांभळा प्रकाश लावतो. निरोगी मेंदू निळसर काळोखात राहतो. गाठ मात्र लाल-गुलाबी चमकू लागते. मधोमध लालभडक, कडेकडे जाताना फिकट गुलाबी. पांढऱ्या दिव्याखाली जी कड दिसतच नव्हती ती आता डोळ्यांसमोर असते.

गंमत अशी, की प्यायला दिलेली पावडर स्वतः चमकत नाही. तिला रंगही नाही. अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड असं तिचं नाव, डॉक्टर तिला ‘एएलए’ म्हणतात. हा रेणू तुमच्या-माझ्या शरीरात या क्षणीसुद्धा तयार होतो आहे. रक्ताला लाल करणारं जे हीम, त्याच्या निर्मितीतली ही एक सुरुवातीची पायरी. एएलएपासून टप्प्याटप्प्याने प्रोटोपॉर्फिरिन नावाचा रेणू बनतो आणि अगदी शेवटच्या पायरीवर त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसवला जातो. लोह बसलं की हीम तयार. हीम चमकत नाही. पण लोह बसण्याआधीचं प्रोटोपॉर्फिरिन निळ्या प्रकाशात लाल चमकतं. निरोगी पेशी लोह बसवण्याचं काम झटपट उरकते, त्यामुळे तिच्यात प्रोटोपॉर्फिरिन साठत नाही. अनेक कॅन्सरपेशींत मात्र लोह बसवणारं विकर सुस्त असतं आणि आधीच्या पायऱ्या जोरात चालू असतात. ऐन हंगामात साखर कारखान्याचं गाळप मंदावलं, की फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तसंच. बाहेरून भरपूर एएलए दिलं की कॅन्सरपेशीत प्रोटोपॉर्फिरिनचा ढीग साचतो. औषध आपण सगळ्या शरीराला दिलं, पण त्याचा चमकणारा रंग रोगी पेशीने स्वतःच्या दोषामुळे स्वतःच तयार केला. मला ही कल्पना विलक्षण सुंदर वाटते.

जर्मनीतले मेंदू-शल्यविशारद वॉल्टर स्टुमर यांनी हे तंत्र रुजवलं. त्यांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ऑपरेशन झालेल्यांपैकी 36 टक्के रुग्णांत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. निळ्या प्रकाशाची मदत घेतलेल्यांत हेच प्रमाण 65 टक्के होतं. सहा महिन्यांनंतरही रोग पुढे सरकला नव्हता असे रुग्ण पहिल्या गटात 21 टक्के होते, दुसऱ्यात 41 टक्के. युरोपने 2007 मध्ये या औषधाला परवानगी दिली, अमेरिकेने 2017 मध्ये. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या मेंदू-शल्यविशारदांनीही हे तंत्र वापरून आपले अनुभव प्रसिद्ध केले आहेत. एक गोष्ट मात्र लपवू नये. स्टुमर यांच्या चाचणीत दोन्ही गटांच्या एकूण आयुर्मानात ठोस फरक सिद्ध झाला नाही. ग्लायोब्लास्टोमा इतका चिवट आहे, की गाठ जास्त निघाली तरी तो परततो. कड दिसणं म्हणजे रोग बरा होणं नाही.

हीमचा विषय निघालाच आहे म्हणून एक जवळचं उदाहरण सांगतो. या सभागृहात अनेक आजी-आजोबा बसले आहेत. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत नातवाला कावीळ झाली आणि त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली ठेवलं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. हीम मोडलं की त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, तो शरीराबाहेर टाकणं सोपं होतं. याची सुरुवात 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात झाली. तिथल्या सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बाहेर उन्हात नेत. चादरीखाली झाकलेला बाळाचा भाग पिवळा राहिला आणि उन्हात उघडा असलेला भाग फिकट झाला, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे प्रकाशाने शरीरातला रेणू बदलणं आपल्या घराघरांत पोचलेलं आहे. त्याच रेणूंच्या कुटुंबातली भावंडं कॅन्सरच्या कामी कशी आली, एवढंच मी सांगतो आहे.

आता थोडं खोलात जावं लागेल. व्याख्यानाचा हा भाग जरा अवघड आहे, पण तो सोडला तर बाकी सगळं जादू वाटू लागेल, आणि मला ते नको आहे.

रेणूवर प्रकाश पडला आणि त्याने तो शोषला, की तो उत्तेजित होतो. ही मिळालेली ऊर्जा तो जवळ ठेवू शकत नाही. काही अब्जांश सेकंदांत ती कुठेतरी जायलाच हवी. एक रस्ता असा, की तो प्रकाशाच्याच रूपाने ती परत करतो, पण शोषलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा, जास्त तांबडा प्रकाश. निळा घेतला, लाल दिला. हीच ती चमक, जिला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. दुसरा रस्ता असा, की रेणू एका वेगळ्या, जास्त टिकाऊ उत्तेजित अवस्थेत उतरतो. ही अवस्था लाखांश सेकंद टिकू शकते, आणि रेणूंच्या जगात एवढा वेळ म्हणजे भरपूर. तेवढ्यात त्याची गाठ ऑक्सिजनशी पडते. ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि श्वासातून आलेला नेहमीचा सभ्य ऑक्सिजन ‘सिंगलेट ऑक्सिजन’ बनतो. हा भलताच आक्रमक असतो. शेजारी जे सापडेल, पेशीचं पटल, प्रथिनं, त्यांच्यावर तो तुटून पडतो.

म्हणजे दाखवणं आणि मारणं ही एकाच रेणूसमोरच्या दोन वाटांची नावं आहेत. प्रोटोपॉर्फिरिन दोन्ही वाटांनी जातं. सर्जनच्या सूक्ष्मदर्शकाखाली आपण त्याची चमक वापरतो. त्याच रेणूवर पुरेसा लाल प्रकाश पुरेसा वेळ टाकला, तर ती पेशी मरते. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये जेम्स केनेडी आणि रॉय पॉटिए यांनी 1990 मध्ये त्वचेवर एएलएचा लेप लावून, वर प्रकाश टाकून त्वचेचे वरवरचे कॅन्सर घालवता येतात हे दाखवलं. या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, थोडक्यात पीडीटी.

सिंगलेट ऑक्सिजनची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची पोच. तो पेशीच्या आत सेकंदाच्या कोट्यंशाएवढाही टिकत नाही. तेवढ्यात तो जेमतेम काही दशक नॅनोमीटर सरकतो, म्हणजे पेशीच्या व्यासाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. जिथे जन्मला तिथेच तो काम करून संपतो. केमोथेरपीचं औषध रक्तातून केसांच्या मुळांपर्यंत, आतड्यांपर्यंत, अस्थिमज्जेपर्यंत पोचतं आणि तिथेही मारतं. इथे मात्र रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिघं एकाच जागी, एकाच वेळी हजर असतील तरच काही घडतं. तिघांपैकी एकही एकटा मारत नाही.

हे तिघांचं नातं सापडलं कसं, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. 1897-98 च्या हिवाळ्यात म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी हर्मान फॉन टापायनर या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. विषय होता हिवतापावरची औषधं, आणि त्यासाठी पॅरामेशियम या एकपेशीय जिवावर ॲक्रिडीन नावाच्या रंगाचा काय परिणाम होतो हे बघणं. प्रयोग सोपा होता, पण उत्तरं जुळेनात. तेच द्रावण, तेच जीव, पण कधी ते लवकर मरत, कधी कितीतरी उशिरा. दुसरा एखादा विद्यार्थी असता तर त्याने सरासरी काढून वही मिटली असती. राबला आठवलं, की ज्या दिवशी जीव जास्त वेळ जगले त्या दिवशी बाहेर वादळ होतं, आभाळ अंधारून आलं होतं. मग त्याने पद्धतशीर तपासलं. नुसता रंग अंधारात : जीव जगतात. नुसता प्रकाश, रंगाशिवाय : जगतात. दोन्ही एकत्र : मरतात. पुढे टापायनर आणि योडलबाउअर यांनी ऑक्सिजनचीही गरज दाखवली आणि या क्रियेला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिलं. 1903 मध्येच टापायनर आणि येसिओनेक यांनी इओसिन हा रंग लावून, त्यावर प्रकाश टाकून त्वचेच्या कॅन्सरवर उपचार करून पाहिले. त्याच वर्षी नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं. प्रकाश तेव्हा वैद्यकशास्त्राचा लाडका होता.

मग आली 1912 ची गोष्ट. फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने हिमॅटोपॉर्फिरिन, म्हणजे रक्तापासून काढलेलं, प्रोटोपॉर्फिरिनच्याच घराण्यातलं एक पॉर्फिरिन, 200 मिलिग्रॅम स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं. नंतर तो उन्हात गेला. चेहरा आणि हात इतके सुजले, की त्याचे त्या वेळचे फोटो आजही पुस्तकांत छापतात. दोन महिन्यांहून जास्त काळ त्याची त्वचा ऊन सोसू शकत नव्हती. स्वतःवर असा प्रयोग आज कोणी करू नये. पण त्याने एकाच प्रयोगात दोन गोष्टी सिद्ध केल्या : हा रंग माणसाच्या शरीरातही प्रकाशाने जागा होतो, आणि तो सहजासहजी बाहेर पडत नाही. ही दुसरी गोष्ट पुढे शंभर वर्षं या उपचाराला पुरून उरली आहे.

1924 मध्ये फ्रान्समध्ये पोलिकार यांना उंदरांच्या गाठी अतिनील दिव्याखाली आपोआप लाल चमकताना दिसल्या आणि त्यांनी त्याचं कारण पॉर्फिरिन असावं असं सांगितलं. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड लिप्सन यांनी हिमॅटोपॉर्फिरिनपासून बनवलेलं जास्त चांगलं मिश्रण वापरून गाठी शोधायला सुरुवात केली. या टप्प्यात सगळा भर दाखवण्यावर होता. मारण्याची बाजू पुन्हा पुढे आणली ती थॉमस डॉहर्टी यांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या रॉझवेल पार्क या कॅन्सर संस्थेत. ते पेशाने रसायनशास्त्रज्ञ, ड्यूपाँटमधून आलेले. जिवंत पेशी ओळखायला ते फ्लुओरेसीनचा रंग वापरत होते आणि रंग घेतलेल्या पेशी उजेडात मरतात हे त्यांनी पाहिलं. शोध घेतल्यावर कळलं, की ही गोष्ट राबने सत्तरएक वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे. डॉहर्टी थांबले नाहीत. 1975 मध्ये त्यांनी प्राण्यांमधल्या गाठी लाल प्रकाशाने बऱ्या केल्या. 1978 मध्ये 25 रुग्णांच्या 113 गाठींवरच्या उपचारांचा अहवाल दिला. त्यांपैकी 111 गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या. त्यांच्या कामातून फोटोफ्रिन हे औषध आलं. कॅनडाने 1993 मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता दिली, अमेरिकेने 1995 मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. अन्ननलिका गाठीने बंद झाली की माणसाला पाणीसुद्धा गिळता येत नाही. तिथे हा उपचार रोग बरा करत नव्हता, पण गिळायची वाट मोकळी करत होता. घोटभर पाणी गिळता येणं म्हणजे काय, हे घरात असा रुग्ण पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता एक प्रयोग करू. आपापला मोबाइल काढा, टॉर्च लावा आणि बोटाची पेरं त्यावर घट्ट धरा. बोट लाल दिसतंय ना? टॉर्चचा प्रकाश पांढरा आहे. त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषला. पार गेला तो लाल. पीडीटीमध्ये लाल प्रकाश का वापरतात त्याचं कारण तुमच्या बोटात आहे. साधारण 650 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शरीरात सगळ्यात खोल जातो. त्यापलीकडे पाणी तो शोषू लागतं. पण खोल म्हणजे तरी किती? फोटोफ्रिनला जागा करणारा 630 नॅनोमीटरचा प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर परिणाम करतो. त्वचा, तोंड, अन्ननलिकेचा आतला थर, श्वासनलिका, मूत्राशय, अशा जागी पोचता येतं, कारण तिथे दुर्बिणीतून प्रकाशतंतू नेता येतो. यकृताच्या पोटात खोलवर बसलेल्या गाठीपर्यंत, किंवा शरीरभर पसरलेल्या रोगापर्यंत प्रकाश पोचत नाही. जी मर्यादित पोच निरोगी पेशींना वाचवते, तीच या उपचाराची मर्यादा आहे. दोन्ही गोष्टी एकाच गुणातून येतात, म्हणून एक ठेवून दुसरी टाकता येत नाही.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर फोटोफ्रिनचं वेळापत्रक असं असतं. वजनाच्या दर किलोला 2 मिलिग्रॅम औषध शिरेतून. मग 40 ते 50 तास थांबायचं, म्हणजे बराचसा रंग निरोगी भागातून निघून जातो आणि गाठीत रेंगाळतो. मग लेझरचा प्रकाश, काही मिनिटं. हा भाग सोपा. अवघड भाग पुढचा महिना. किमान 30 दिवस उन्हात जायचं नाही, गेलंच तर अंगभर कपडे, हातमोजे, टोपी, काळा चष्मा. नेहमीचं सनस्क्रीन इथे उपयोगी पडत नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध जागं होतं ते दिसणाऱ्या प्रकाशाने. पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचं, असंही नाही. घरातल्या साध्या उजेडात बसावं असंच डॉक्टर सांगतात, कारण त्या मंद प्रकाशाने त्वचेत उरलेला रंग हळूहळू निकामी होतो. वैशाखात विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याने हे पाळायचं म्हणजे काय, याचा विचार मी नेहमी करतो. औषध किती चांगलं आहे हे त्याच्या रेणूइतकंच त्या माणसाच्या दिनक्रमावरही अवलंबून असतं.

म्हणून नव्या औषधांत खटाटोप चालला आहे तो दोन गोष्टींचा : जास्त तांबड्या प्रकाशाने जागं व्हावं आणि काम झालं की लवकर शरीराबाहेर जावं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जिवाणूंच्या हरितद्रव्यापासून असं एक औषध तयार झालं. 753 नॅनोमीटरने ते जागं होतं आणि काही तासांत रक्तातून निघून जातं. प्रोस्टेटच्या सौम्य कॅन्सरच्या 413 पुरुषांवर त्याची चाचणी झाली. दोन वर्षांत रोग पुढे गेला असे रुग्ण नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात 58 टक्के, उपचार घेतलेल्यांत 28 टक्के. युरोपने 2017 मध्ये परवानगी दिली. अमेरिकेच्या सल्लागार समितीने मात्र 2020 मध्ये मोठ्या बहुमताने विरोध केला. इतक्या सौम्य रोगात अनेकांना कुठल्याच उपचाराची गरज नसते, मग या उपचाराने नेमकं काय कमावलं, हा तिथला मुख्य प्रश्न होता. मला तो प्रश्न रास्त वाटतो. आकडे चांगले असणं आणि रुग्णाचं भलं होणं यांत अंतर असू शकतं.

आणि एक नवल. पीडीटीचा एक फार मोठा उपयोग कॅन्सरमध्ये झालाच नाही, तो डोळ्यांत झाला. म्हातारपणी दृष्टिपटलाखाली फुटणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या बंद करायला 2000 पासून व्हर्टेपॉर्फिन वापरलं गेलं, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं येईपर्यंत.

आपल्या मातीतल्या एका वनस्पतीबद्दल बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. बावची. आयुर्वेदात पांढऱ्या कोडावर बावची आणि सूर्यप्रकाश हा जुना उपचार आहे. तिच्यात सोरॅलेन असतं. त्याला ऑक्सिजन लागत नाही. अतिनील प्रकाशात ते थेट पेशीच्या डीएनएला जोडलं जातं. याच वर्गातल्या मेथॉक्सॅलेनने कॅन्सरमध्येही जागा मिळवली. येल विद्यापीठातल्या रिचर्ड एडेलसन यांनी त्वचेत पसरणाऱ्या टी-पेशींच्या लिम्फोमावर वेगळाच मार्ग काढला. रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशींवर मेथॉक्सॅलेनच्या उपस्थितीत अतिनील प्रकाश टाकायचा आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. प्रकाश खोल जात नाही ना, मग पेशींनाच प्रकाशाकडे आणायचं! 1987 च्या त्यांच्या अहवालात इतर उपचारांना दाद न दिलेल्या 37 रुग्णांपैकी 27 जणांना गुण आला. अमेरिकेने पुढच्याच वर्षी मान्यता दिली. परत गेलेल्या पेशी रोगप्रतिकारशक्तीला जागं करतात असं मानलं जातं.

रंगाला नेमका कॅन्सरपेशीपर्यंतच नेण्याची एक वेगळी तऱ्हा जपानमध्ये वापरात आली आहे. हिसाताका कोबायाशी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत काम करताना 2011 मध्ये एक कल्पना मांडली. कॅन्सरपेशीच्या पृष्ठभागावर चिकटणारी प्रतिपिंडं आधीच उपलब्ध आहेत; त्यांनाच एक रंग जोडून द्यायचा. हा रंग फ्थॅलोसायनिन घराण्यातला. हे व्याख्यान पुढे छापलं गेलं आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर निळा रंग असला, तर तो बहुधा याच घराण्यातला असेल; छपाईच्या शाईतला निळा म्हणजे तांब्याचं फ्थॅलोसायनिन. कोबायाशींच्या रंगात तांब्याच्या जागी सिलिकॉन आहे. प्रतिपिंड कॅन्सरपेशीला चिकटतं, साधारण एक दिवस थांबून 690 नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. रंगाच्या रेणूचे पाण्यात विरघळवणारे भाग गळून पडतात, उरलेला रेणू आकसतो, पेशीच्या पटलावर ताण येतो, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. ज्या पेशीला प्रतिपिंड चिकटलं नाही, ती शेजारी असूनही वाचते. जपानने सप्टेंबर 2020 मध्ये डोकं आणि मान यांच्या, ऑपरेशनपलीकडे गेलेल्या किंवा परत उलटलेल्या कॅन्सरसाठी याला सशर्त परवानगी दिली. जीभ, गाल, घसा हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे, म्हणून या कामावर माझं विशेष लक्ष आहे.

इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो. आजवरचा हिशेब मांडला तर या रेणूंनी मारण्यापेक्षा दाखवण्याच्या कामी जास्त उपकार केले आहेत, आणि पुढची काही वर्षं तसंच राहील असं मला वाटतं. दाखवायला थोडा रंग आणि थोडा प्रकाश पुरतो. ऑक्सिजन कमी असला तरी चालतं. उलट मारायला ऑक्सिजन लागतो आणि वाढत्या गाठीच्या आत त्याचाच तुटवडा असतो. शिवाय दाखवल्यावर निर्णय अनुभवी माणसाच्या हातात राहतो. अंडाशयाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. गरोदर बाईला दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांतलं फॉलिक ॲसिड आपल्याला माहीत आहे. अंडाशयाच्या कॅन्सरपेशींना फोलेटची भलती हाव असते; त्यांच्या पृष्ठभागावर फोलेट पकडणारी प्रथिनं ढिगाने असतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या फिलिप लो यांनी फोलेटसारख्या रेणूला अवरक्त चमकणारा रंग जोडला. त्या औषधाला 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचणीतल्या 26.9 टक्के स्त्रियांमध्ये, डोळ्यांनी आणि हातांनी तपासून सुटलेली किमान एक कॅन्सरची जागा या चमकेमुळे सापडली. चारातल्या एकीहून जास्त! त्या जागा एरवी पोटात तशाच शिवल्या गेल्या असत्या. चमकणारं सगळंच कॅन्सर नसतं, हेही खरं. सूज असलेला भागही कधी चमकतो. म्हणून तुकडा तपासणीला पाठवावाच लागतो.

तोंडाच्या बाबतीत तर बाहेरून रंग देण्याचीही गरज नसते. निरोगी गालाच्या आतलं अस्तर निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चमकतं. रोग सुरू झालेल्या जागी ती चमक मंदावते आणि काळा डाग दिसतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना, मिश्री, मावा यांनी गालफडं अजून भरलेलीच आहेत. पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, तोंड नीट न उघडणं, या गोष्टी घेऊन माणूस येतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. प्रकाशाचं तंत्र इथे आधी पोचायला हवं. पण दातांचा किंवा हिरड्यांचा साधा दाहसुद्धा काळा डाग देतो, म्हणून निळी टॉर्च बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. चट्टा कुठून आणि किती तपासायचा एवढं ती सांगते.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीत विचारलं आहे, बावचीची पावडर घरी लावून उन्हात बसलं तर त्वचेचा कॅन्सर टळेल का? मुळीच नाही. उलट भाजण्याचा धोका आहे, आणि सोरॅलेन-अतिनील उपचार वर्षानुवर्षं घेतल्यास त्वचेच्या काही कॅन्सरचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. तो उपचार त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावा.

दुसरी चिठ्ठी, ‘लेझरने कॅन्सर विनाऑपरेशन बरा’ अशा जाहिरातीबद्दल आहे. नुसता लेझर म्हणजे पीडीटी नाही. कुठला रंग देणार, तो कुठल्या रोगासाठी मान्य आहे आणि प्रकाश गाठीच्या तळापर्यंत कसा पोचवणार, या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तिथून उठून यावं.

शेवटच्या चिठ्ठीत एका बाईंनी लिहिलं आहे, की यजमानांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे, यातलं काही त्यांच्या उपयोगाचं आहे का? ताई, मूत्राशय ही या तंत्रासाठी फार अनुकूल जागा आहे. एएलएच्याच जातीचं एक औषध नळीने मूत्राशयात सोडतात, तासाभराने निळ्या प्रकाशात दुर्बिणीतून पाहतात आणि पांढऱ्या प्रकाशात सुटलेले सपाट चट्टे लाल दिसतात. ही तपासणी वरच्या थरातल्या रोगासाठी आहे. रोग स्नायूपर्यंत शिरला असेल तर मार्ग वेगळे. तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा, की रोग कुठल्या थरापर्यंत गेला आहे. मग विचारा, की निळ्या प्रकाशाची सिस्टोस्कोपी त्यांच्याकडे किंवा जवळच्या मोठ्या केंद्रात होते का. आणि पहिल्या ऑपरेशनचा बायोप्सीचा अहवाल बरोबर न्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच ठरेल.